परतफेड चोख, म्हणून धंदा सुरक्षित?

सूक्ष्म वित्तावरच्या बऱ्याच प्रबंधांत एक गृहीतक ठरलेलं असतं: हप्ता वेळेवर येतोय, म्हणजे धंद्यात जोखीम कमी. माझा आक्षेप इथेच आहे. ३० दिवसांहून जास्त थकलेली कर्जं मोजली की संस्थेची जोखीम कळते. कर्ज घेणाऱ्या बाईच्या दुकानाची नाही. गटकर्जात एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या भरतात. कुणी दुकानात माल न भरता हप्ता देते, कुणी दुसरीकडून कर्ज काढून. वहीत मात्र सगळं चोख!

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तर बघायलाच नको. मोहफूल मार्च-एप्रिलचं, तेंदूपत्ता एप्रिल-मेचा. पावसाळ्यात किराणा उधारीवर, हप्ता मात्र तेवढाच. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार सूक्ष्म कर्ज वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी. सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत हवेत. नियम चांगला आहे. पण ३ लाखांना १२ ने भागलं की महिना २५,००० येतात, आणि ऑगस्टचा रिकामा गल्ला सरासरीत गडप होतो.

मग मोजायचं काय? 'पोर्टफोलिओज ऑफ द पुअर' (२००९) हे पुस्तक कुटुंबांच्या पैशांच्या वर्षभराच्या नोंदींवर उभं आहे. तशा नोंदींना वेळ लागतो, नमुना लहान राहतो, हे मान्य. तेवढी सवड नसेल तर प्रश्नावलीत निदान एक प्रश्न घाला, आणि तो पावसाळ्यात विचारा: "मागचा हप्ता कोणत्या पैशांतून भरला?"