आक्रमक डबस्टेपचा ताल : ठेक्याकडून साच्याकडे

प्रस्तावना

मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतींविषयी मराठीत गेली वीस-पंचवीस वर्षे जी चर्चा होत आली आहे, ती प्रामुख्याने आवाजाच्या पातळीची आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. तिचे उल्लंघन, रुग्णांना व वृद्धांना होणारा त्रास, पोलिसांची कारवाई हे त्या चर्चेचे नेहमीचे विषय होत. ही चर्चा आवश्यकच आहे. तथापि तिच्यामुळे एक प्रश्न सतत मागे पडतो : हे जे वाजते, ते संगीत म्हणून कसे आहे? त्याचा ताल कोठून आला आणि तो इतका एकसारखा का झाला?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आक्रमक डबस्टेप या संगीतप्रकाराच्या आधारे केला आहे. हा प्रकार लंडनच्या दक्षिण भागात जन्मला. परंतु त्याची घडण आणि त्याच्या तालाचे साचेबद्ध होणे समजून घेतले, तर पिंपळे गुरवसारख्या उपनगरातील मिरवणुकीत जे ऐकू येते त्याचाही उलगडा होऊ शकतो. मराठी समीक्षेची परिचित परिभाषा या नव्या ध्वनिविश्वाला लावून पाहणे, हाही लेखाचा एक हेतू आहे.

डबस्टेपची जडणघडण

'डबस्टेप' या नावातच त्याचे कूळ सांगितलेले आहे. 'डब' ही जमैकातील १९७० च्या दशकातील परंपरा होय. किंग टबी, ली पेरी यांच्यासारख्या ध्वनितंत्रज्ञांनी तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून घेतला, बास व तालवाद्ये पुढे आणली आणि प्रतिध्वनीच्या साहाय्याने रिकाम्या जागा बोलक्या केल्या. 'स्टेप' हा अंश इंग्लंडमधील 'टू-स्टेप गराज' या नृत्यसंगीतातून आला. हाऊस संगीतात चारही मात्रांवर सलग पडणारा खालचा ठोका, म्हणजे किक, टू-स्टेपने मोडला. काही मात्रांवरून तो उचलला, काही ठिकाणी सरकवला आणि त्यामुळे तालाला एक लचक आली.

२००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत क्रॉयडन या उपनगरातील 'बिग ॲपल' हे रेकॉर्डचे दुकान आणि लंडनमधील 'फॉरवर्ड' ही मैफल यांच्याभोवती तरुण संगीतकारांचा एक गट जमला. हॅचा, स्क्रीम, बेंगा ही त्यांतील ठळक नावे. यांतील काहींनी घरच्या संगणकावर 'फ्रूटी लूप्स' या स्वस्त प्रणालीत रचना केल्या. २००५ मध्ये माला, कोकी आणि लोफा यांनी ब्रिक्स्टन येथे 'डीएमझेड' ही मैफल सुरू केली. त्याच वर्षी स्क्रीमची 'मिडनाइट रिक्वेस्ट लाइन' प्रसिद्ध झाली.

या काळातील तालाचे वैशिष्ट्य असे की, लय मिनिटाला सुमारे १४० मात्रांची असली तरी चार मात्रांच्या आवर्तनात स्नेअरचा टणक आघात केवळ तिसऱ्या मात्रेवर येई. त्यामुळे शरीराला ती लय ७० ची, म्हणजे निम्म्या गतीची वाटे. याला 'हाफस्टेप' म्हणतात. लोफाच्या रचनांमध्ये हे रूप विशेष ठाशीव आढळते. वरच्या पट्टीत मात्र झांजेसारखे बारीक ध्वनी दुपटीच्या गतीने, किंचित आडलयीत चालू राहत. एकाच वेळी एक लय धीमी व एक द्रुत, आणि त्यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा, अशी ही रचना होती.

मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात मांडलेल्या संवाद, विरोध व समतोल या तीन लयतत्त्वांचा येथे उपयोग होतो. आरंभीच्या डबस्टेपमध्ये विरोध हा तालाच्या आतच वसत होता. धीम्या व द्रुत लयींचा ताण, ठोका व शांतता यांचा ताण प्रत्येक आवर्तनात उभा राहून प्रत्येक आवर्तनात निवत असे.

आक्रमकतेकडे वळण

२००६-०७ पासून या संगीताचा स्वभाव पालटू लागला. बासचा स्वर स्थिर न ठेवता त्याची धार ठरावीक गतीने कमी-अधिक करण्याचे तंत्र, ज्याला 'वॉबल' म्हणतात, केंद्रस्थानी आले. कॅस्पा व रस्को यांचा २००७ मधील 'फॅब्रिकलाइव्ह ३७' हा संग्रह या वळणाची खूण मानला जातो. त्याच वर्षी बरिअलचा 'अनट्रू' प्रसिद्ध झाला. त्याने आपले ठोके संगणकाच्या समान चौकटीत बसवले नव्हते. म्हणजे एकाच वर्षी दोन वाटा समोर होत्या. बहुसंख्य नृत्यशाळांनी पहिली पत्करली.

अमेरिकेत पोहोचल्यावर ही आक्रमकता पराकोटीला गेली. रॉक संगीताच्या पार्श्वभूमीतून आलेल्या स्क्रिलेक्सचा 'स्केरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स' २०१० मध्ये आला. २०१२ मध्ये स्क्रिलेक्सला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. आता बास हा केवळ छातीत जाणवणारा खोल नाद राहिला नाही. तो मधल्या पट्टीत येऊन गुरगुरू, किंचाळू लागला. विरोधकांनी या प्रकाराला 'ब्रोस्टेप' असे हेटाळणीचे नाव दिले व पुढे तेच रूढ झाले.

ताल साचेबद्ध का झाला?

पहिल्या मात्रेवर किक, तिसऱ्या मात्रेवर स्नेअर : आक्रमक डबस्टेपच्या असंख्य रचनांचा ताल या एका वाक्यात सांगता येतो. याचे खापर केवळ कलावंतांच्या आळसावर फोडणे उचित नव्हे. त्यामागे निदान चार कारणे दिसतात.

पहिले कारण ध्वनीच्या जागेचे आहे. मधल्या पट्टीतील गुरगुरणारा बास खालपासून वरपर्यंतच्या बहुतेक सर्व कंपनसंख्या व्यापून टाकतो. अशा वेळी नाजूक ठोके झाकले जातात, ऐकूच येत नाहीत. तालासाठी दोनच क्षण उरतात आणि त्या दोन क्षणी बासला बाजूला सारून जोरकस आघात करावा लागतो. तालातील बारकावे कोणी वगळण्यापूर्वीच त्यांना जागा उरलेली नव्हती.

दुसरे कारण ऐकण्याच्या साधनांचे. अतिखोल बास ऐकण्यासाठी मोठे ध्वनिक्षेपक लागतात. श्रोता लॅपटॉप व भ्रमणध्वनी यांवर ऐकू लागला, तेव्हा तो खोल नाद त्याच्यापर्यंत पोहोचेना. मधल्या पट्टीतील कर्कश बास मात्र छोट्या साधनावरही पोहोचतो. अशा रीतीने दुसरे कारण पहिल्याला बळ देते.

तिसरे कारण वादनाच्या व्यवहाराचे. डीजे एका रचनेतून दुसरीत जातो तेव्हा दोन्हींची लय व आवर्तनांची मांडणी जुळावी लागते. सर्व रचना १४० च्या लयीत, सोळा किंवा बत्तीस आवर्तनांच्या खंडांत आणि एकाच जागी स्नेअर असलेल्या असल्या, तर हे काम सोपे होते. जी रचना या चौकटीत बसत नाही ती वाजवली जात नाही, आणि जी वाजत नाही तिचे अनुकरण होत नाही.

चौथे कारण उत्पादनाचे. तयार ठोक्यांचे संच विकत वा फुकट मिळू लागले, रचनातंत्राचे धडे सर्वत्र उपलब्ध झाले आणि 'योग्य' स्नेअर कसा असतो याचे प्रमाण ठरून गेले. नवशिक्याला ताल रचण्याची गरज उरली नाही.

या चारही कारणांचा एकत्र परिणाम असा की, विरोधाचे स्थान बदलले. तो तालाच्या आतून निघून रचनेच्या दोन खंडांमध्ये जाऊन बसला : आधी चढत जाणारा उत्कंठेचा खंड, मग एकदम कोसळणारा 'ड्रॉप'. आवर्तनागणिक मिळणारा ताण आता दीड-दोन मिनिटांत एकदा मिळतो. त्या एका क्षणाची तीव्रता वाढवत राहणे, एवढाच मार्ग मग उरतो. आक्रमकता वाढत गेली याचे मर्म येथे आहे. तालातील वैविध्य जितके घटले तितका आवाजाच्या धारेवरचा भार वाढला.

ठेका आणि साचा

येथे एक आक्षेप संभवतो. भारतीय संगीतातही दादरा, केरवा, भजनी यांचे ठेके ठरलेलेच असतात. मग डबस्टेपलाच साचेबद्ध का म्हणावे? आक्षेप रास्त आहे आणि त्याच्या उत्तरातच प्रस्तुत विवेचनाचा गाभा आहे. ठेका ठरलेला असतो, पण तो वादकाने भरावयाचा असतो. भजनात पखवाजवादक अभंगाच्या चरणानुसार वजन बदलतो. ढोलकीवाला नर्तकीच्या पायाकडे पाहून तोडा घेतो. गावजत्रेतील कुस्तीच्या आखाड्यात हलगीवादक पैलवानांच्या पकडीकडे नजर ठेवून कधी संथ, कधी घाईने वाजवतो. ठेका स्थिर असतो तो या बदलाला आधार मिळावा म्हणून. साचा मात्र आधीच भरलेला असतो; त्यातून प्रत्येक वेळी तीच वस्तू बाहेर पडते. औद्योगिक पट्ट्यातील वाचकाला हा भेद वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

अर्थात साचा म्हणजे वाईट असेही सरसकट म्हणता येत नाही. नृत्यासाठी जमलेल्या समूहाला पुढचा ठोका कोठे पडणार हे ठाऊक असणे हा आनंदाचाच भाग असतो. डॉ. अशोक रानडे यांनी लोकसंगीत, कलासंगीत, जनसंगीत अशा कोटी वेगळ्या मानल्या, त्यामागे प्रत्येक कोटीचे प्रयोजन वेगळे असते ही जाणीव होती. कलासंगीताचे निकष जनसंगीताला लावणे अन्यायाचे ठरेल. प्रश्न एवढाच की, जनसंगीताच्या स्वतःच्या निकषावरही हा ताल उतरतो काय?

पिंपळे गुरवच्या मिरवणुकीत

पवनेच्या काठचे पिंपळे गुरव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचे दाट वस्तीचे उपनगर आहे. गावाच्या नावात जो 'गुरव' शब्द आहे, तो देवळातील पूजेबरोबरच वादनाची सेवा करणाऱ्या बलुतेदाराचा वाचक आहे. पिंपरी, भोसरी व चाकणच्या कारखान्यांमुळे सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, खानदेश येथून आलेली कुटुंबे या परिसरात स्थिरावली आणि त्यांच्याबरोबर हलगी, संबळ, लेझीम यांच्या स्मृतीही आल्या.

या स्मृती आता डीजेच्या रचनांत 'हलगी मिक्स', 'संबळ मिक्स' या नावांनी परततात. भारतात लोकवाद्यांचे ठोके व आक्रमक बास यांची सांगड घालण्याचा ठळक प्रयत्न न्यूक्लिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उदयन सागर यांनी केला. त्यांचे 'कूचा मॉन्स्टर' (२०१३) व 'बास राणी' (२०१५) हे संग्रह रस्त्यावरील संगीताकडे प्रेमाने पाहणारे होते. २००७ मध्ये गोव्यात सुरू झालेला सनबर्न महोत्सव २०१६ मध्ये पुण्याजवळ केसनंद येथे भरला. परदेशी नृत्यसंगीत आणि मिरवणुकीतील संगीत यांमधील अंतर या दशकात झपाट्याने कमी झाले.

मिरवणुकीतील रचनांत हलगीचा तुकडा ध्वनिमुद्रित करून तो आवर्तनागणिक पुन्हा पुन्हा वाजवला जातो. हलगी तीच, कातडे तेच, परंतु समोर नाचणाऱ्याकडे पाहणारी नजर त्यात नसते. नाचणारा थकला तरी तुकडा थकत नाही. तो रंगात आला तरी तुकडा त्याला दाद देत नाही. मग रंग चढवण्यासाठी आवाज वाढवणे हा एकच उपाय उरतो. डेसिबलचा प्रश्न आणि तालाचा प्रश्न येथे एकमेकांना भेटतात. ज्या संगीताला आतून बदलता येत नाही, त्याला बाहेरून मोठे व्हावे लागते.

यात माणसाचाही प्रश्न आहे. हलगीवादन ही पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजातील वादकांनी जोपासलेली कला आहे. ज्या वादकाचा एक तुकडा असंख्य मिरवणुकांत घुमतो, त्याचे नाव त्या रचनेवर बहुधा नसते. जातीने लादलेल्या वाद्याच्या ओझ्यातून नवी पिढी सुटू पाहते, हे स्वागतार्हच आहे. परंतु ओझे वादकाने टाकावे आणि वाद्य इतरांनी न विचारता उचलावे, हा न्याय नव्हे.

याला पर्याय म्हणून ढोल-ताशा पथकांकडे बोट दाखवले जाते. जिवंत वादन हा पथकांचा मोठा गुण आहे. तथापि शंभरएक ढोल एकत्र वाजू लागले की तेथेही ठोका सुटसुटीत करावा लागतो आणि बारकावे ताशावाल्यांपुरते उरतात. संख्या व आवाज हेच मोठेपणाचे माप ठरले, तर जिवंत ठेक्याचाही साचा होऊ शकतो. यंत्र हे साचेबद्धतेचे एकमेव कारण नाही, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

१. आक्रमक डबस्टेपचा ताल साचेबद्ध झाला तो मुख्यतः बासने ध्वनीची सर्व जागा व्यापल्यामुळे. ऐकण्याची साधने, डीजेचा व्यवहार आणि तयार ठोक्यांचे संच यांनी ती प्रक्रिया पक्की केली.

२. या प्रक्रियेत विरोधलय तालातून निघून 'ड्रॉप'मध्ये गेली. वाढती आक्रमकता हा तालाच्या दारिद्र्याचा परिणाम आहे.

३. ठेका व साचा यांतील भेद ठोका ठरलेला असण्या-नसण्यावर अवलंबून नाही. वादकाला समोरच्याकडे पाहून त्यात बदल करता येतो की नाही, यावर तो अवलंबून आहे. याच निकषावर आजचे मिरवणूकसंगीत उणे ठरते.

४. मिरवणुकीच्या आवाजावर कायद्याने मर्यादा घालणे योग्यच आहे. परंतु आवाज का वाढतो याचे उत्तर कायदा देऊ शकत नाही. ते संगीतसमीक्षेने दिले पाहिजे. महाविद्यालयांतील ज्या विद्यार्थ्यांच्या कानांत हे संगीत दिवसरात्र आहे, त्यांच्याशी मर्ढेकरांच्या लयतत्त्वांविषयी बोलताना अभंगाबरोबरच या तालाचेही उदाहरण घेतले गेले, तर तो विचार त्यांना परका वाटणार नाही. हलगीच्या तुकड्यामागील वादकाचे नाव विचारण्याची सवयही कदाचित तेथूनच लागेल.