हुगळीकाठची शेजारगावे आणि आपले स्थलवर्णन

महाराष्ट्राबाहेर प्रसिद्ध होणाऱ्या मराठी नियतकालिकांत स्थलवर्णनपर लेखांची वाण कधीच पडत नाही. बदलीच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यांत जाऊन राहिलेला आपला वाचकवर्गच त्या लेखांचा लेखकवर्गही असतो. या लेखनाविषयी आम्हांस आदर आहे. तथापि कलकत्त्यात नोकरी करणाऱ्या आणि हुगळी नदीच्या पश्चिम काठावरील उपनगरांत बिऱ्हाड थाटणाऱ्या आमच्यासारख्या कारकून मंडळींस एक गोष्ट सतत खटकत आली आहे. या काठावरील गावांबद्दल मराठीत जे लिहिले जाते, त्यात गावे दिसत नाहीत. दिसतात त्या केवळ पाट्या. श्रीरामपूर म्हणजे डेन्मार्कवाल्यांचे, चंदननगर फ्रेंचांचे, चुंचुडा डचांचे, बांडेल पोर्तुगीजांचे, आणि या सर्वांना गिळून बसलेले कलकत्ता इंग्रजांचे. एवढे सांगितले की लेखकाचे कर्तव्य संपते, आणि उरलेल्या जागेत चंदननगरच्या घाटावरील सूर्यास्त व तेथील ‘जलभरा’ संदेशाची चव यांची भर पडते.

ही पद्धत चुकीची का, हे ठरविण्यासाठी प्रथम आपल्या परंपरेकडे पाहावे. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील नगरवर्णनाचा तो पाया होय. माडगावकरांस मुंबई कोणाची, या प्रश्नापेक्षा मुंबई चालते कशी, या प्रश्नाचे अगत्य अधिक होते. बाजार, जातिजमाती, देवळे, शाळा, गिरण्या, सणवार, सगळे त्यांनी एका जिज्ञासेने पाहिले. पुढील काळात आपले स्थलवर्णन एकीकडे तीर्थक्षेत्राच्या माहात्म्याकडे आणि दुसरीकडे किल्ल्याच्या पराक्रमाकडे वळले. ज्या गावात ना मोठे तीर्थ, ना किल्ला, ना राजधानी, त्याच्यासाठी आपल्यापाशी शब्दच उरले नाहीत. महानगराच्या शेजारची गावे नेमकी या वर्गात मोडतात.

आता हुगळीकाठ घ्या. श्रीरामपूर ते बांडेल हे अंतर अवघे वीस किलोमीटर. लोकलगाडीने अर्ध्या तासाचा प्रवास. एवढ्या पट्टीत युरोपातील इतकी राष्ट्रे का गोळा झाली? सरस्वती नदीचे पात्र गाळाने भरत गेले, सप्तग्रामचे पुरातन बंदर निकामी झाले, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांनी हुगळी येथे वखार घातली. १६३२ मध्ये शहाजहानच्या फौजेने ती मोडून काढली. पुढे डच, फ्रेंच, इंग्रज, डेन सर्व याच पाण्याच्या वाटेवर आले. कारण बंगालचे सूत, रेशीम आणि सोरा याच वाटेने बाहेर जात असे. म्हणजे या गावांचा खरा संस्थापक कोणी परदेशी कप्तान नसून एक आटलेली नदी आणि एक वाहती नदी होय. हे कारण सांगितल्याखेरीज नुसती राष्ट्रांची नामावळी सांगणे म्हणजे कुटुंबाची हकीकत सोडून पाहुण्यांची यादी वाचून दाखविणे.

पाटी लावण्याच्या पद्धतीचा दुसरा दोष असा, की ती गावाच्या अंगी असलेले अनेकपण पुसून टाकते. चुंचुडा डचांचे, हे खरे. १८२४ च्या तहाने ते इंग्रजांकडे गेले आणि पुढील वर्षी ताबा मिळाला. परंतु याच गावात आर्मेनियन व्यापाऱ्यांचे देऊळ आहे आणि त्याचा आरंभ १६९५ सालचा आहे. लगतच्या हुगळीत हाजी मुहंमद मोहसीन यांच्या दानधर्मातून उभा राहिलेला इमामबाडा आहे, आणि त्यांच्याच निधीतून १८३६ साली निघालेले महाविद्यालय चुंचुड्यात आहे. बंकिमचंद्र त्या महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांचे जन्मगाव कांठालपाडा नदीच्या समोरच्या तीरावर, नैहाटीत. डचांची वखार, आर्मेनियनांचे देऊळ, मुसलमान दात्याचे विद्यालय आणि त्यात शिकलेला ‘वंदे मातरम्’चा कवी हे सारे जवळजवळ एका हाकेच्या अंतरावर असताना गावास ‘डचांचे’ म्हणून मोकळे होणे हा आळस आहे.

श्रीरामपुराचेही तेच. डेन लोकांनी १७५५ मध्ये तेथे ठाणे घातले, आपल्या राजाच्या नावावरून त्यास ‘फ्रेडरिक्सनगर’ म्हटले, आणि १८४५ मध्ये ते इंग्रजांस विकून टाकले. परंतु लगतच्या माहेशची जगन्नाथाची रथयात्रा डेन येण्यापूर्वीची आहे आणि ते गेल्यानंतरही चालूच आहे. शेजारच्या रिषडा येथे १८५५ मध्ये भारतातील पहिली ताग गिरणी निघाली, आणि त्यानंतर या काठाचा चेहरामोहराच बदलला. बिहार, ओरिसा, संयुक्त प्रांत व आंध्र येथून आलेला मजूर येथे स्थायिक झाला. आज ज्या वस्तीत हिंदी, उडिया, तेलुगू आणि बंगाली एका नळावर ऐकू येते, ती वस्ती डेन्मार्कने नव्हे, तागाने वसविली आहे. स्थलवर्णनकार मात्र १८०६ चे सेंट ओलाव्हचे देऊळ पाहून परत फिरतो.

मग या गावांचे वेगळेपण कशात? आमच्या मते ते सरहद्दीच्या उपयोगात आहे. महानगराच्या अगदी जवळ, पण त्याच्या कायद्याच्या बाहेर, अशी ही गावे दीर्घकाळ होती. कलकत्त्याचे कर्जबाजारी सावकाराच्या तगाद्यातून सुटण्यासाठी डेन अमलाखालील श्रीरामपुरात आसरा घेत. कंपनी सरकार आपल्या मुलुखात मिशनऱ्यांस थारा देईना, म्हणून १८०० साली केरी, मार्शमन व वॉर्ड यांनी श्रीरामपुरातच छापखाना मांडला. पुढच्या शतकात हीच सोय चंदननगराने क्रांतिकारकांस करून दिली. कन्हाईलाल दत्त तेथलेच. रासबिहारी बोस यांचे शिक्षण तेथले. १९१० मध्ये अरविंद घोष पाँडिचेरीस जाण्यापूर्वी तेथेच दडून होते. एकच शेजारधर्म, पण एका गावी तो दिवाळखोराच्या व धर्मोपदेशकाच्या उपयोगी पडला आणि दुसऱ्या गावी बंडखोराच्या. गावाचा स्वभाव अशा उपयोगांतून घडतो. राज्यकर्त्याच्या निशाणाचा रंग त्यात एक निमित्त असतो.

आणि निशाण उतरविण्याची रीतही स्वभाव सांगते. श्रीरामपूर दोन राजसत्तांनी आपसांत खरेदीखत करून हस्तांतरित केले. चुंचुडा तहाच्या अदलाबदलीत गेले. रहिवाशांस कोणी विचारले नाही. चंदननगरात मात्र जून १८४९ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, जून १९४९ मध्ये, लोकांचे मत घेतले गेले आणि त्यांनी प्रचंड बहुमताने भारतात येण्याचा कौल दिला. २ मे १९५० रोजी कारभार भारताकडे आला, १९५२ मध्ये कायदेशीर हस्तांतर झाले आणि २ ऑक्टोबर १९५४ रोजी गाव पश्चिम बंगालमध्ये विलीन झाले. ज्याला आपण ‘फ्रेंच चंदननगर’ म्हणतो, त्याने स्वतःविषयी काढलेला निर्णय हा असा आहे. तेथील जगद्धात्री पूजेच्या रोषणाईत ज्यांनी एक रात्र काढली आहे, त्यांस या निर्णयाचे आश्चर्य वाटणार नाही.

आता आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. या काठाशी आपला, म्हणजे मराठी माणसाचा, दुहेरी संबंध आहे. आपल्या लेखांत त्यांतील एकच बाजू येते.

पहिला संबंध अभिमानाचा. विल्यम केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने तयार झालेले त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरास छापले गेले. १८१० मध्ये मोडी ठशांतील मराठी कोश निघाला. त्याच सुमारास, १८०६ मध्ये, तंजावरास सरफोजीराजांच्या छापखान्यातून ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडली. म्हणजे मराठी मुद्रणाचे पाळणे महाराष्ट्राबाहेर हलले. हे आपले लेखक आवर्जून सांगतात, सांगावेही. परंतु यातील मर्म ते सोडून देतात. शिकविणे कलकत्त्यात आणि छापणे श्रीरामपुरात, या दोन गावांच्या शेजारातून हे व्याकरण निपजले. एका गावी सरकारी पगार होता, दुसऱ्या गावी सरकारी मनाईपासून मोकळीक होती. शेजारगावाची सरहद्द नसती, तर हा छापखाना तेथे उभाच राहिला नसता.

दुसरा संबंध अडचणीचा. १७४२ पासून १७५१ पर्यंत नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. १७४२ मध्ये हुगळी शहर काही महिने मराठ्यांच्या ताब्यात होते. कलकत्त्याच्या रहिवाशांनी त्याच धास्तीने ‘मराठा खंदक’ खणावयास घेतला. ‘बारगीर’ या आपल्या शब्दाचे बंगालीत ‘बर्गी’ झाले आणि ते तान्ह्या मुलांस झोपविताना म्हणावयाच्या गाण्यात जाऊन बसले. ही लाज झाकण्यासाठी आपल्याकडे दोन उपाय योजिले जातात. एक तर हा प्रकार गाळला जातो. किंवा तो चौथाईच्या हक्काचा न्याय्य वसूल होता आणि बंगाल्यांनी अतिशयोक्ती केली, असे प्रतिपादन होते. आमच्या मते दोन्ही उपाय साहित्याच्या दृष्टीने निकृष्ट आहेत.

कारण प्रतिपक्षाची साक्ष आपण वाचलेलीच नसते. गंगाराम या बंगाली कवीचे ‘महाराष्ट्रपुराण’ हे स्वाऱ्यांच्या काळातीलच काव्य. त्यात लूट, जाळपोळ आणि स्त्रियांवरील अत्याचार यांची वर्णने आहेत. पण त्याची मांडणी पाहण्याजोगी आहे. प्रजेच्या पापाचे शासन म्हणून देवांच्या इच्छेनेच मराठे बंगालात येतात, आणि ते ब्राह्मण व स्त्रियांस मारू लागतात तेव्हा देवी त्यांच्यावर उलटते. भास्कररामाचा अंत, जो १७४४ मध्ये अलिवर्दीखानाच्या छावणीत विश्वासघाताने झाला, तो कवीच्या लेखी या कोपाचा परिणाम. ज्याच्या देशाची राखरांगोळी झाली, त्या कवीने शत्रूसही प्रथम धर्माच्या चौकटीत जागा दिली आणि नंतर त्याच धर्माने त्याचा न्याय केला. असा समतोल आपल्या कैफियतवजा लेखांत आम्हांस आढळत नाही. आपण जेथे राहतो तेथील माणसांच्या आजोबापणजोबांची आठवण ऐकून घेणे, हे स्थलवर्णनकाराचे पहिले ऋण होय. ते फेडल्यावाचून केरीच्या व्याकरणाचा अभिमान मिरविण्याचा अधिकार पोचत नाही.

हे ऋण फेडता येते, याचा दाखलाही आहे. मराठी कुळात जन्मून बंगालीत लिहिणारे सखाराम गणेश देऊस्कर यांनी १९०४ साली ‘देशेर कथा’ लिहिली आणि ती स्वदेशीच्या चळवळीत घरोघर गेली. ज्या भाषेत ‘बर्गी’ हा भीतीचा शब्द होता, त्याच भाषेत एका मराठी नावास आदर मिळाला. तो आदर समर्थने करून मिळालेला नाही. तेथील लोकांच्या प्रश्नांवर त्यांच्याच भाषेत लिहून तो मिळविलेला आहे.

बंगालीत स्वतः या प्रदेशावर जे लेखन झाले, त्याच्याशी तुलना केली म्हणजे आपली उणीव अधिक स्पष्ट होते. ओ’मॅली यांचे १९१२ चे हुगळी जिल्ह्याचे गॅझेटियर हे कचेरीच्या शिस्तीचे पुस्तक. त्यातून तपशील घ्यावा, दृष्टी घेऊ नये. सुधीरकुमार मित्र यांनी हुगळी जिल्ह्याचा इतिहास लिहिला तो गावच्या माणसाच्या मायेने. विनय घोष यांचे १९५७ मधील ‘पश्चिमबंगेर संस्कृति’ हे गावोगाव हिंडून, देऊळ, जत्रा आणि कारागीर यांना प्रश्न विचारून सिद्ध झालेले पुस्तक. आपले लेखक बहुधा पहिल्या पुस्तकाची आकडेवारी घेतात आणि उरलेल्या दोहोंकडे वळत नाहीत. कारण त्यासाठी बंगाली लिपी शिकावी लागते. दहा वर्षे एका गावी काढणाऱ्या नोकरदारास एवढे श्रम जड का वाटावेत?

कोणी म्हणेल, ही गावे आता वेगळी उरलीच कोठे? १५ ऑगस्ट १८५४ रोजी हावडा ते हुगळी रेल्वे सुरू झाली तेव्हापासून ती कलकत्त्याची अंगणे झाली. हा आक्षेप अर्धा खरा आहे. बोरीबंदर–ठाणे गाडी त्याच्या आदल्या वर्षी सुटली, आणि ठाण्याचे, पुढे वसईचे काय झाले हे आपण जाणतोच. वसईस चिमाजीअप्पांचा विजय आणि पोर्तुगीजांचा कोट यांखेरीज केळीच्या बागा, ख्रिस्ती सामवेदींची बोली आणि पहाटेच्या लोकलची गर्दी आहे, हे ज्यास दिसते त्यास हुगळीकाठही दिसेल. उपनगर होणे म्हणजे स्वभाव हरवणे नव्हे. स्वभावावर एक थर चढणे होय. उत्तरपाड्यास १८५९ पासून जयकृष्ण मुखर्जींचे सार्वजनिक ग्रंथालय आहे. त्याच गावच्या अंगास हिंदुस्थान मोटर्सचा कारखाना आला, त्याच्या नावे स्थानक झाले, आणि २०१४ मध्ये कारखान्याचे उत्पादन बंद पडले. स्थानकाचे नाव मात्र ‘हिंदमोटर’ असेच आहे. अशा नावांत जो इतिहास साठतो, तो कोणत्याही युरोपीय निशाणाइतकाच खरा आहे.

तेव्हा अशा लेखनास आम्ही तीन कसोट्या लावू इच्छितो. गाव तेथेच का वसले, याचे कारण लेखात आहे काय? त्याच्या शेजाऱ्याहून ते कशाने निराळे, हे केवळ मालकाच्या नावावाचून सांगता आले आहे काय? आणि आपल्या लोकांविषयी त्या गावची जी आठवण आहे, ती गोड असो वा कडू, लेखकाने जशीच्या तशी ऐकली आहे काय? या तिहींना उतरणारे लेख फार निघणार नाहीत. पण बदलीच्या गावी आलेला मराठी माणूस तेथे केवळ भाडेकरू होता की शेजारी होता, हे पुढच्या पिढीस अशाच लेखांवरून कळेल. संपादकांनी ‘डचांचे चुंचुडा’ अशा मथळ्याचा पुढील लेख हाती आल्यास तो लेखकाकडे परत पाठवावा, आणि सोबत एवढेच विचारावे, की चुंचुड्याचे लोक त्यास काय म्हणतात?