दुखऱ्या हाताचा टाका

दिवाळीच्या आधी आमच्या घरी माळ्यावरच्या गोधड्या खाली येतात. गच्चीवर त्या उन्हात पसरल्या, की कोणती आजीच्या हातची आणि कोणती मावशीच्या हातची, हे सांगावे लागत नाही. टाक्यांनाही अक्षरासारखे वळण असते. यंदा त्या रांगेत एक नवी गोधडी आहे, ती माझ्या हातची. तिच्याविषयी लिहायला बसले आहे ते आत्मस्तुतीसाठी नव्हे. तिच्यात दोष आहेत आणि ते पुढे येतीलच. पण कलाकृतीकडे कसे पाहावे ह्याविषयी तिने मला जे शिकवले, ते कादंबऱ्या लिहून आणि वर्षानुवर्षे मुलांच्या निबंधांना गुण देऊनही मला उमगले नव्हते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. समीक्षेची परिभाषा मला येत नाही. तेव्हा साध्या शब्दांतच सांगते.

मला नऊ वर्षांपासून आमवात आहे. ह्या दुखण्यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच आपल्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सांधे सुजतात, आणि सकाळी उठल्यावर बोटे अशी आखडलेली असतात, की चहाचा कप दोन्ही हातांनी उचलावा लागतो. औषधांनी दुखणे ताब्यात राहते, जात मात्र नाही. अशा हातांनी मी मे महिन्याच्या सुट्टीत घाटमाथ्यावरच्या एका गोधडी-शिबिराला जायचे ठरवले. पाच दिवस तिथेच राहायचे आणि एक लहान गोधडी पुरी करून परतायचे, असा बेत होता. सासूबाई म्हणाल्या, “अगं, तुझी बोटं धड मिटत नाहीत, आणि सुई कसली धरतेस?”

“सकाळी मिटत नाहीत, आई. दुपारी मिटतात,” असे म्हणून मी पिशवी भरली.

शिबिराचे वेळापत्रक ज्यांनी आखले, त्यांना सासूबाईंइतकेही ठाऊक नसावे. पहिली बैठक सकाळी सातला, तीही जमिनीवर आणि सलग तीन तासांची. उद्घाटनाच्या भाषणात बाई म्हणाल्या, “इथे आपापले दुखणे विसरून जा. कलेत रमलात की वेदना उरतच नाही.” पुढे त्यांनी फ्रेंच चित्रकार रन्वार ह्याचा दाखला दिला. वेदना सरते आणि सौंदर्य उरते, असे काहीसे वाक्य त्याच्या नावावर सांगतात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण जरा बेताने, कारण टाळी वाजवतानाही बोटे दुखत होती.

पहिल्या दिवशी मी खरोखरच दुखणे विसरायचा प्रयत्न केला. संध्याकाळी मनगट इतके सुजले, की जेवताना चमचा मागावा लागला. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी रन्वारचा विचार करीत होते. त्याचे चरित्र मी पूर्वी वाचले होते, आणि भाषणातला रन्वार काही त्यातल्या रन्वारशी जुळत नव्हता.

रन्वारचा जन्म 1841 चा. पन्नाशीच्या आसपास त्याला हाच रोग जडला. 1907 मध्ये त्याने दक्षिण फ्रान्समधल्या कान्य येथे जागा घेतली आणि उरलेले आयुष्य बहुतांशी तिथेच काढले. 1912 नंतर तो चाकांच्या खुर्चीला खिळला. आजच्यासारखी औषधे त्या वेळी नव्हती. त्याच्या हाताला कुंचला बांधावा लागत असे, ही आख्यायिका फार लोकप्रिय आहे. प्रत्यक्षात हातावर पट्ट्या असत त्या वळलेल्या बोटांची नखे तळव्यात रुतू नयेत म्हणून, आणि कुंचला बोटांच्या बेचक्यात दुसरे कोणी ठेवून देई. मोठे कापड रुळावर गुंडाळून वरखाली सरकवण्याची युक्तीही त्याने केली होती. चित्राचा जो भाग रंगवायचा, तो हाताशी यावा म्हणून.

आख्यायिका आणि खरी हकीकत ह्यांतला फरक मला मोलाचा वाटतो. बांधलेल्या कुंचल्याच्या गोष्टीत आपल्याला एक हुतात्मा भेटतो. रुळावरच्या कापडाच्या हकीकतीत मात्र एक कारागीर भेटतो. तो आपले दुखणे विसरलेला नाही. उलट खांदा किती वळतो आणि हात कुठवर पोचतो, हे त्याने मोजून ठेवले आहे आणि त्या मापाने कामाची मांडणी बदलली आहे. त्याची वेदना सरली नाही. 1919 मध्ये तो वारला, तोवर ती सोबतच होती.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची मागून घेतली, बैठकीला नऊ वाजता गेले आणि वीस मिनिटे शिवून दहा मिनिटे हात मांडीवर ठेवायचे ठरवले. संचालिकाबाईंना ते फारसे रुचले नाही. पण शिकवायला जवळच्या वाडीतून एक आजी येत. त्यांनी काही विचारले नाही. दुपारी माझ्या गोधडीवरून तळहात फिरवला आणि म्हणाल्या, “मास्तरीणबाई, ह्या वळी सकाळच्या न् ह्या दुपारच्या, व्हय ना? सकाळचा टाका लांब पडलाय. हात धरतोय का तुमचा?”

मी होय म्हटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कनवटीतून सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा काढून दिला. त्याने सुई धरून ओढली, की चिमटीवर जोर येत नाही. मग म्हणाल्या, “सकाळी कडेच्या वळी घाला, तिथं लांब टाका चालतो. मधल्या बारीक वळी दुपारला ठेवा.” उत्तम समीक्षा म्हणतात ती हीच असावी! त्यांनी टाक्यावरून हात ओळखला, आणि हाताची कीव करीत न बसता टाक्याचा विचार केला.

शेवटच्या दिवशी प्रदर्शन होते. माझ्या गोधडीपाशी संयोजकांनी कौतुकाने एक चिठ्ठी लावली होती. असह्य वेदनांवर मात करून शिवलेली गोधडी, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर होता. येणारे लोक चिठ्ठी वाचत, माझ्याकडे पाहत, काहींचे डोळे भरून येत, आणि ते पुढच्या गोधडीकडे वळत. माझी गोधडी कोणी पाहिलीच नाही. आजी तेवढ्या आल्या. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी कोपरा चिमटीत धरला आणि म्हणाल्या, “इथं झोळ आलाय. अस्तर ताणून घेतलं न्हाई तुम्ही.” पाच दिवसांत मला इतका आनंद कशाने झाला नव्हता. त्या झोळाचा दुखण्याशी काही संबंध नव्हता. तो माझा आळस होता, आणि तो माझा म्हणून कोणीतरी ओळखला होता.

ह्या आनंदामागे एक जुने शल्य आहे, तेही सांगून टाकते. माझी मागची कादंबरी दुखणे भरात असताना लिहिलेली. तिच्यावर जी पत्रे आली, त्यांतली बहुतेक माझ्या धीराविषयी होती. उत्तरार्धात कथानक ढिले पडले आहे, नायिकेचा भाऊ मध्येच नाहीसा होतो, हे एकानेही लिहिले नाही. कणव ही मोठी गोष्ट आहे, पण ती कलाकृतीच्या आड उभी राहिली की लेखकाला एकटे पाडते. ज्याच्या चुका कोणी काढत नाही, त्याचे लिखाण कोणी वाचलेले नसते.

रन्वारच्या नशिबी निदान वाचणारे डोळे होते. मेरी कॅसॅट ही अमेरिकन चित्रकर्ती त्याच्याच पिढीची. त्याच्या उतारवयातल्या चित्रांतल्या त्या अवाढव्य, तांबूस बायका आणि त्यांची इवलीशी डोकी तिला मुळीच आवडली नाहीत, आणि 1913 मधल्या एका पत्रात तिने तसे लिहिले. त्या काळात तिची स्वतःची दृष्टी अधू होत चालली होती. अपंगत्व म्हणजे काय, हे तिला कोणी सांगायला नको होते. तरी तिने सवलत दिली नाही. उलट मातीस ह्या तरुण चित्रकाराला रन्वारची अखेरची चित्रे थोर वाटली. मी स्वतः 1918-19 मधले त्याचे स्नान करणाऱ्या स्त्रियांचे मोठे चित्र छापील पुस्तकातच पाहिले आहे. मला त्यातली शरीरे जड वाटतात, पण एका रंगातून दुसरा रंग जसा उमलत जातो, त्यावरून नजर निघत नाही. मतभेद असोत. तिघांनीही निदान चित्र पाहिले, चिठ्ठी नव्हे.

उलट बाजूची एक चूकही टाळली पाहिजे, ती म्हणजे दुखण्यामुळेच कला मोठी होते असे मानण्याची. 1941 मधल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मातीसला फार वेळ उभे राहणे जमेना. मग मदतनिसांकडून कागद रंगवून घेऊन तो कात्रीने आकार कापू लागला. त्यांतूनच 1947 चे त्याचे ‘जाझ’ हे पुस्तक निघाले. कात्री हाती यायला दुखणे निमित्त झाले असेल, पण आकार कुठे वळवायचा हे दुखण्याने सांगितले नाही. ते त्याच्या डोळ्याने आणि पन्नास वर्षांच्या सरावाने सांगितले. दुखणे देणगी देत नाही. फार तर ते एक दार बंद करते. दुसरे दार आपल्यालाच शोधावे लागते, आणि कधी कधी ते सापडतही नाही.

म्हणून वाचकांना एवढेच विनवते. ह्या दिवाळीत घरातली एखादी थकल्या हातांची बाई चकल्या पुढ्यात ठेवील, तेव्हा “एवढे दुखत असून केल्यास!” एवढ्यावर थांबू नका. चकली खुसखुशीत झाली आहे की कडक, तेही सांगा. आणि जमले तर सोऱ्या दाबायला बसा.

माझी गोधडी आत्ता गच्चीवर उन्हात आहे. कडेला लांब टाके आहेत, मध्ये बारीक. झोळ आलेला तो कोपरा मी उसवून ठेवला आहे. भाऊबीज झाली, की एखाद्या दुपारी तो पुन्हा शिवीन.