मिस बेट्स बोलत असताना

श्रीमंत घरातील लाडावलेली तरुणी आणि तिची होणारी फजिती हा वाङ्मयातील जुना व हमखास हशा पिकवणारा विषय आहे. अशा नायिकेला पोटाची चिंता नसते, हाताशी रिकामा वेळ भरपूर असतो. मग ती दुसऱ्यांच्या संसाराची उठाठेव करते आणि तोंडघशी पडते. वाचक निर्धास्तपणे हसतो, कारण ती पडली तरी गादीवरच पडणार, हे त्याला ठाऊक असते. जेन ऑस्टिन यांची डिसेंबर १८१५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘एमा’ ही कादंबरी याच कुळातली. मात्र ही कादंबरी आपल्याला हसवता हसवता एका जागी थांबवते आणि आपण कोणाला हसत होतो, याचा जाब विचारते. म्हणून ती आम्हांस या कुळात निराळी वाटते.

एमा वुडहाउस ही हायबरी गावच्या प्रतिष्ठित घराण्यातील एकविशीची मुलगी. आई लहानपणीच निवर्तली, थोरली बहीण लग्न होऊन लंडनला गेली, वडील सदा प्रकृतीच्या काळजीत. घरात तिचाच शब्द चालतो. आपल्या शिक्षिकेचे लग्न आपणच जुळवले, अशी तिची समजूत होते आणि पुढील सगळ्या गोंधळाला तेथून प्रारंभ होतो. हॅरिएट स्मिथ या भोळ्या, आईबापांचा ठावठिकाणा नसलेल्या मुलीला ती हाताशी धरते. रॉबर्ट मार्टिन या भल्या शेतकऱ्याची मागणी हॅरिएटला नाकारावयास लावते आणि गावचे पाद्री मिस्टर एल्टन यांच्याशी तिची सोयरीक जुळवू पाहते. नाताळच्या आदल्या रात्री, बंद गाडीत, एल्टनसाहेब मागणी घालतात खरे. पण ती हॅरिएटला नव्हे, तीस हजार पौंडांची धनीण असलेल्या एमालाच!

याहून खुमासदार प्रसंग पियानोचा आहे. जेन फेअरफॅक्स या गरीब पण गुणी मुलीला कोणीतरी निनावी पियानो पाठवतो. एमा आपल्या मनाने एक विवाहित प्रियकर रचते आणि हा तर्क विश्वासाने फ्रँक चर्चिलला सांगते. पियानो पाठवणारा आणि जेनशी गुप्तपणे वाङ्‌निश्चय केलेला तरुण हा फ्रँकच असतो. लेखिकेने जवळजवळ सगळी कथा एमाच्या नजरेतून सांगितली आहे. त्यामुळे एमा फसते तेव्हा प्रथम वाचणारा वाचकही फसतो.

या नजरेला एक व्यक्ती मात्र नेहमी कंटाळवाणी दिसते, ती म्हणजे मिस बेट्स. गावच्या दिवंगत पाद्रीची ही अविवाहित, प्रौढ मुलगी वृद्ध आईसह तुटपुंज्या मिळकतीवर भाड्याच्या खोल्यांत राहते. बोलायला लागली की थांबत नाही. चष्म्याची खीळ, भाजलेली सफरचंदे, भाचीचे पत्र, सगळे एका दमात. खरे सांगायचे तर तरुणपणी आम्हीही तिची पानेच्या पाने गाळून पुढे गेलो होतो. दुसऱ्या वाचनात ध्यानात आले की कथेचे धागेदोरे तिच्या बडबडीतच पेरलेले आहेत. गावचे औषधोपचार करणारे मिस्टर पेरी गाडी घेणार होते, ही गोष्ट फ्रँकच्या तोंडून निसटते आणि मग ती आपल्याला कोणी कळवली, हे त्याला सांगता येत नाही. ती गोष्ट मोजक्या लोकांनाच ठाऊक होती, हे मिस बेट्स तिथल्या तिथे बोलून जाते. फ्रँक आणि जेन यांच्यात पत्रव्यवहार असावा, हे एवढ्यावरून उमगावे. पण एमाचे लक्ष नसते आणि आमचेही नव्हते.

पुढे बॉक्स हिलवरील वनभोजन येते. प्रत्येकाने एक चतुर गोष्ट सांगावी, नाहीतर तीन नीरस, असा खेळ निघतो. तीन नीरस गोष्टी आपल्याला सहज जमतील, असे मिस बेट्स स्वतःवरच विनोद करीत म्हणते. त्यावर एमा बोलून जाते की अडचण संख्येची आहे, एका वेळी तीनच सांगता येतील. टोमणा मिस बेट्सला क्षणभराने कळतो. ती रागावत नाही. आपणच फार त्रासदायक झालो असू, एरवी जुन्या मैत्रिणीला असे कोण बोलेल, असे पुटपुटते. येथे हसू मावळते.

मिस्टर नाइटली एमाला बाजूला घेऊन जे सुनावतात, त्यात शिष्टाचाराचा उपदेश नाही, हिशेब आहे. ही बाई श्रीमंत असती तर थट्टा खपली असती. ती गरीब आहे, वय वाढेल तशी आणखी गरीब होईल आणि तुझे पाहून इतरही तिला हसतील. एमा दानशूर नाही असे नाही. किती मांस पाठवावे याचा वडील घोळ घालीत असताना तिने बेट्सांच्या घरी डुकराचा मागचा अख्खा भाग पाठवूनही दिलेला असतो. देणे तिला सोपे होते. ऐकून घेणे जड होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती त्या घराच्या पायऱ्या चढते, हे तिचे पहिले खरे पाऊल.

एक तक्रार मात्र नोंदवली पाहिजे. हॅरिएटच्या मनाशी एमाने जो खेळ केला, त्याची भरपाई लेखिका फार स्वस्तात उरकते. हॅरिएट मार्टिनच्या घरी जाते, ती एका व्यापाऱ्याची मुलगी निघते, मैत्री आपोआप ओसरते आणि सगळे आपापल्या पायरीवर परततात.

ही कथा पुढे ‘क्लूलेस’ (१९९५) या चित्रपटातून बेव्हर्ली हिल्सला आणि ‘आयशा’ (२०१०) मधून दिल्लीच्या धनिक वर्तुळात गेली. ‘क्लूलेस’मधली शेर घरातल्या एल साल्वाडोरच्या मोलकरणीला मेक्सिकन समजते, तो प्रसंग बोचतो, पण बॉक्स हिलची जखम त्याला नाही, कारण त्या बाईच्या सहवासात प्रेक्षकाला कधी कंटाळावे लागलेले नसते. आमच्या मते मिस बेट्सची लांबण ही कादंबरीची गरज आहे.

मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपल्यालाही अशी एखादी मावशी गाठते आणि आपण घड्याळाकडे पाहतो. ‘एमा’ वाचणाऱ्यांना आमची एवढीच विनंती, की आम्ही गाळलेली ती पाने त्यांनी गाळू नयेत.