पियानोसंगीतातील शृंगार : एक विचार

पाश्चात्त्य अभिजात पियानोसंगीतातील शृंगाराची चर्चा बहुधा दोन आधारांवर केली जाते : रचनेचे शीर्षक आणि रचनाकाराचे चरित्र. हे दोन्ही आधार किती कच्चे आहेत, हे दोन प्रसिद्ध रचनांवरून दिसून येते. लिस्टच्या ‘प्रेमस्वप्न’ या नावाच्या, १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन रचनांपैकी तिसरी विशेष लोकप्रिय आहे. तिच्या मुळाशी फ्रायलिग्राट या जर्मन कवीच्या कवितेला लिस्टनेच दिलेली चाल आहे. आणि त्या कवितेचा विषय मीलन नसून, मृत्यू येण्यापूर्वीच प्रेम करून घ्यावे, हा इशारा आहे. शोपँचे डी फ्लॅट मेजरमधील नॉक्टर्न (कृतिक्रमांक २७, दुसरे) १८३५ मधले. जॉर्ज साँ हिची व त्याची भेट १८३६ मध्ये झाली. अर्थात त्या प्रणयाचा उगम या रचनेत शोधणे व्यर्थ होय.

मग शब्दहीन नादात शृंगार असतो तरी कोठे? संगीताला प्रेमासारखी निश्चित भावना दाखविता येत नाही, असे हान्स्लिकने १८५४ मध्ये प्रतिपादिले. तथापि भावनेची गती, तिचा चढउतार व तिचे तीव्र-मंद होणे संगीतात उमटते, हे त्यानेही मान्य केले. वाच्यार्थ नसलेल्या गीतध्वनीतूनही रस व्यक्त होतो, असे आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त त्याच्या कितीतरी आधी म्हटले होते. या दोन मतांचा मेळ घातल्यास शृंगाराचा शोध गतीतच घ्यावा लागतो.

येथे वाद्याचा स्वभाव निर्णायक ठरतो. गळा किंवा व्हायोलिन स्वर धरून ठेवू शकते, फुलवू शकते. पियानोत हातोडी तारेवर आदळून मागे सरते आणि त्याच क्षणापासून स्वर विरू लागतो. शोपँच्या उपर्युक्त नॉक्टर्नमध्ये डाव्या हाताचे विस्तीर्ण, पेडलने एकमेकांत मिसळणारे स्वर या विरण्याला आधार देतात. उजव्या हातातील एकेरी चाल पुढे दुहेरी होते. दोन स्वर एकाच हातात जवळजवळ चालतात. मूळ चाल दरवेळी अधिक अलंकृत होऊन परतते. हे अलंकार केवळ शोभेचे नव्हेत. विरणाऱ्या स्वराला न सोडण्याचा तो आग्रह आहे, आणि या रचनेची विषयासक्ती त्या आग्रहातच आहे.

वाग्नरच्या ‘ट्रिस्टान आणि इझोल्डे’ (पहिला प्रयोग १८६५) या संगीतनाट्यात आरंभीच्या अस्थिर स्वरमेळाला पूर्ण विश्रांती अगदी अखेरीस मिळते. त्यातील अंतिम गीताचे लिस्टने १८६७ मध्ये पियानोसाठी रूपांतर केले. वाद्यवृंदाचा अखंड नाद पियानोला अशक्य. म्हणून स्वरांचे जलद कंपन योजून तो नाद टिकविल्याचा भास निर्माण केला आहे. परिणामी मूळ गीतातील तृप्तीही येथे धडपडीतून आलेली वाटते. स्क्रियाबिनच्या ‘इच्छा’ या नावाच्या छोट्या रचनेत (कृतिक्रमांक ५७, १९०८ च्या सुमारास) तर अखेरचा स्वरमेळही साध्या, स्थिर विश्रांतीचा नाही.

यावरून पियानोसंगीतातील शृंगार मुख्यतः संभोगाचा नसून विप्रलंभाचा आहे, असे म्हणता येईल. मात्र ही संज्ञा जपून वापरली पाहिजे. रसशास्त्रातील विप्रलंभाला आलंबन लागते, नायक-नायिका लागतात. पियानोच्या नादाला असे कोणीच नसते. येथे ज्याचा विरह होतो, तो स्वतः स्वरच. म्हणूनच रचनाकाराच्या प्रेमप्रकरणांचा शोध घेणारी समीक्षा या शृंगारापासून दूर जाते, आणि एक स्वर विरून दुसरा उमटेपर्यंतचे अंतर वादक कसे सांभाळतो, याकडे कान देणारी समीक्षा त्याच्या जवळ पोहोचते.