पट्टी दिसली, पण कुणाची?

ट्रिस्टेट्राप्रोलिन हे प्रथिन, दाह भडकवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए पकडून त्याचा नाश घडवते. ते नसलेल्या उंदरांना सांधेदाह होतो, हे १९९६ साली दिसले. ते शोधायला प्रतिपिंड वापरतात. प्रतिपिंड चिकटले की पट्टी उमटते. काही शोधनिबंध इथेच थांबतात, हे आम्हाला खटकते. या प्रथिनाच्या भाईबंदांचा आरएनए पकडणारा भाग बराच सारखा असतो. प्रतिपिंड त्यांनाही चिकटू शकते. शिवाय फॉस्फेट जोडले गेले की पट्टी सरकते. म्हणून हे जनुक काढलेल्या पेशीही शेजारी तपासायला हव्यात. तिथेही तीच पट्टी उमटली, तर पुरावा कोसळला! स्टार्चच्या प्रयोगात झाकलेले पानही तपासायला लावणारे आपण. मग शोधनिबंधाला सूट का द्यावी?