कृष्णविवराचा ‘फोटो’ आणि त्यामागचा चौथा पेपर

१० एप्रिल २०१९ ला इव्हेंट होरायझन टेलिस्कोपने एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा जाहीर केली. ते नारिंगी कडं तुम्ही पाहिलंच असेल. त्याच दिवशी सहा पेपर प्रसिद्ध झाले. त्यातला चौथा, म्हणजे प्रतिमा कशी तयार केली ते सांगणारा पेपर, संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असं मला वाटतं. तो निर्दोष आहे म्हणून नाही, तर आपल्याच निष्कर्षावर शंका कशी घ्यायची ते तो दाखवतो म्हणून. आणि ही शंका कुठे कमी पडते, तेही त्यात दिसतं.

आधी ‘फोटो’ हा शब्द बाजूला ठेवू. रंग तर कृत्रिम आहेच, कारण निरीक्षण १.३ मिलिमीटरच्या रेडिओ तरंगलांबीवर झालंय. पण खरा मुद्दा वेगळा आहे. नारायणगावजवळच्या जीएमआरटीचं तत्त्वच इथे वापरलंय: दोन-दोन अँटेनांचे सिग्नल एकत्र करायचे, प्रत्येक जोडीतून आकाशाच्या प्रतिमेबद्दल एकेक तुकडा माहिती मिळते. जीएमआरटीच्या ३० अँटेना म्हणजे ४३५ जोड्या. एप्रिल २०१७ मध्ये एम८७ कडे पाहणाऱ्या दुर्बिणी होत्या सात, त्याही पाचच ठिकाणी: हवाई, ॲरिझोना, मेक्सिको, चिली आणि स्पेन. (दक्षिण ध्रुवावरून एम८७ दिसत नाही, म्हणून आठवी दुर्बीण इथे उपयोगाची नव्हती.) ठिकाणांच्या जोड्या झाल्या फक्त दहा. पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडी थोडी जास्त माहिती देते, तरी बरीचशी जागा रिकामीच राहते. त्या डेटाशी जुळणाऱ्या प्रतिमा असंख्य असू शकतात. मग त्यातली कोणती निवडायची?

इथे पेपरचं मोठं बळ दिसतं. आधी चार टीम केल्या. त्यांनी एकमेकींशी न बोलता प्रतिमा बनवल्या. दोन टीमनी जुनी ‘क्लीन’ पद्धत वापरली, दोघींनी नवी. चौघींना कडंच मिळालं. पुढची पायरी मला त्याहून महत्त्वाची वाटते. कडं, चंद्रकोर, भरीव चकती आणि दोन ठिपके असे चार आकार घेऊन त्यांनी खोटा डेटा तयार केला. या चारही आकारांना नीट ओळखू शकतील अशाच सेटिंग्ज निवडल्या आणि मग त्या खऱ्या डेटावर लावल्या. म्हणजे आकाशात चकती असती तर चकती दिसायला हवी होती. आपली पद्धत ‘नाही’ म्हणू शकते का, हे तपासल्याशिवाय तिच्या ‘हो’ला किंमत नाही.

आता तक्रारी. पहिली: चार टीम एकमेकींपासून स्वतंत्र होत्या, पण अपेक्षेपासून नाही. कृष्णविवराभोवती कडं दिसायला हवं, हे सिद्धांत सांगतो आणि ते सगळ्यांना माहीत होतं. डेटाही सगळ्यांचा एकच. त्यामुळे ‘चौघींना तेच मिळालं’ हा पुरावा ऐकायला वाटतो तितका चौपट नाही. दुसरी: चाचणीचे चारही आकार साधे, भौमितिक. उगमाचा आकार त्याहून गुंतागुंतीचा असेल तर काय, हा प्रश्न उरतोच. २०२२ मध्ये जपानमधल्या मियोशी आणि सहकाऱ्यांनी तोच डेटा पुन्हा तपासून कडं हा अपुऱ्या नमुन्यांचा परिणाम असल्याचा दावा केला. त्यांना गाभा आणि झोत दिसला. मूळ गटाने तो दावा खोडून काढला. पण हा वाद होऊ शकला, कारण डेटा सर्वांसाठी खुला होता. याचं श्रेय मूळ गटालाच जातं.

तिसरी तक्रार आपल्यासारख्या वाचकांबद्दल आहे. या दुर्बिणीची विभेदनक्षमता सुमारे २५ मायक्रो-आर्कसेकंद, आणि कड्याचा व्यास ४२. म्हणजे व्यासावर दोन ‘ठिपके’सुद्धा नीट मावत नाहीत! तरी लोक कड्यावरच्या प्रत्येक उजळ गाठीचा अर्थ लावत बसतात. त्यात प्रसिद्ध झालेली प्रतिमा तीन पद्धतींच्या निकालांची सरासरी आहे, तीही मुद्दाम धूसर करून घेतलेली. व्यास, मधला अंधार आणि दक्षिणेकडची जास्त उजळ बाजू यावर विश्वास ठेवा. बारीकसारीक नक्षीवर ठेवू नका.

मग कड्यावर माझा विश्वास आहे का? आहे, पण प्रतिमेमुळे नाही. दुर्बिणींमधलं अंतर वाढत जातं तसा सिग्नल कमी होत जवळजवळ शून्यावर येतो आणि पुन्हा वर चढतो. हा आलेख प्रतिमा बनवण्याच्या आधीचा आहे. त्या खळग्याची जागा आकारमान ठरवते. खळगा चकतीलाही पडतो, म्हणून एवढ्यावर भागत नाही. पण सहाव्या पेपरमध्ये प्रतिमा न बनवता थेट डेटावर मॉडेल बसवलं, तरी व्यास ४२ च्याच आसपास आला. शिवाय २०१८ चा डेटा, ज्यात ग्रीनलँडची नवी दुर्बीण होती, २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कड्याचा आकार तेवढाच, उजळ भाग मात्र सुमारे ३० अंशांनी सरकलेला. एका वर्षात कृष्णविवराचं वस्तुमान बदलत नाही, पण भोवतालचा वायू बदलतो. त्यामुळे हे अपेक्षेप्रमाणेच आहे.

तेव्हा पेपर उघडलात की रंगीत चित्र शेवटी बघा. आधी कच्च्या डेटाचा आलेख शोधा आणि चाचणीत लेखकांनी स्वतःला कुठे हरू दिलं असतं ते विचारा. पुढे तुमच्या प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत परीक्षक तुम्हाला हाच प्रश्न विचारणार आहेत.